दुहेरी पिकलबॉल : फटक्याची निवड आणि जोडीदाराचा विश्वास



वाशिम जिल्ह्यातील धनजसारख्या गावात नव्या खेळाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न जागेचा आणि खर्चाचा असतो. पिकलबॉलपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. या खेळाचे मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे दुहेरी बॅडमिंटनच्या मैदानाएवढेच असते. जाळे मात्र खाली घ्यावे लागते : खांबांपाशी ३६ इंच व मध्यभागी ३४ इंच. चेंडू प्लास्टिकचा, भोके असलेला. हातात फळीसारखी बॅट. अमेरिकेत १९६५ साली हा खेळ घरच्या अंगणात सुरू झाला, तेव्हा बॅटी प्लायवूड कापूनच केल्या होत्या. भारतात तो रुजविण्यात मुंबईचे श्री. सुनील वालावलकर यांचा पुढाकार होता. अखिल भारतीय संघटना २००८ मध्ये स्थापन झाली.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : खेळावे कसे? नवशिक्या मुलाला वाटते की जोराचा फटका म्हणजेच चांगला फटका. दुहेरी पिकलबॉलचे नियम या समजुतीला पहिल्याच दिवशी धक्का देतात. सर्व्हिस जमिनीवर पडू द्यावी लागते आणि तिचा परतीचा फटकाही सर्व्हिस करणाऱ्या बाजूने एकदा टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी आधी जाळ्याजवळ पोचते. जाळ्याच्या दोन्ही अंगांना ७ फुटांचा पट्टा असतो. त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. खेळाडू त्याला ‘किचन’ म्हणतात.

म्हणून तिसरा फटका निर्णायक ठरतो. तो जोरात मारला, तर जाळ्याजवळ सज्ज असलेले प्रतिस्पर्धी चेंडू वरून खाली दाबतात. तो अलगद उचलून त्यांच्या किचनमध्ये टाकला, तर त्यांना चेंडू खालून वर घ्यावा लागतो आणि तेवढ्या अवधीत मागची जोडी पुढे सरकते. अर्थात परतीचा चेंडू आखूड आणि उंच आला असेल, तर जोर लावण्यास हरकत नाही. कसोटी एकच : चेंडू जाळ्याच्या उंचीखाली असेल तर संयम, वर असेल तर प्रहार.

जाळ्याजवळच्या अलगद फटक्याला ‘डिंक’ म्हणतात. तो शक्यतो तिरपा टाकावा. सरळ रेषेत दोन्ही पट्टे मिळून १४ फूट अंतर मिळते, कोपऱ्यातून कोपऱ्यात सुमारे २४ फूट. शिवाय मधोमध जाळे दोन इंच खाली असते. प्रहाराची संधी आली की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी किंवा दोघांच्या मधोमध मारावा. मधला चेंडू कोणी घ्यावयाचा, या क्षणभराच्या संभ्रमातच गुण मिळून जातो. उंच फटका मात्र उघड्या मैदानात जपून वापरावा. वाऱ्याने हा हलका चेंडू भरकटतो, आणि वडीलधारी माणसे मागे धावताना पडण्याचा धोका असतो. खांद्याच्या उंचीवर वेगाने आलेला चेंडू बहुधा हद्दीबाहेर जाणारा असतो; तो सोडून देणे हीदेखील निवडच होय.

गुणांचा हिशेबही ध्यानात असावा. पारंपरिक पद्धतीत डाव ११ गुणांचा असून गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या बाजूस मिळतो. तिची चूक झाली तर सर्व्हिस जाते. समोरच्याची चूक झाली तर थेट गुण जातो. यास्तव परतफेड करणाऱ्या जोडीने अनावश्यक धाडस टाळावे.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब पुढेच आहे. दुहेरीत प्रतिस्पर्धी दुबळ्या खेळाडूवर मारा करतात. मुलगा-मुलगी किंवा आजोबा-नातू अशी जोडी असेल तर बलवान जोडीदार धावत येऊन दुसऱ्याचे चेंडू हिसकावू लागतो. मग त्याची स्वतःची बाजू उघडी पडते, गुण जातो, आणि दुबळा समजला गेलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. ही हानी गुणफलकावर दिसत नाही. पण मैदान गावाचे न राहता चार दांडग्या मुलांचे होते.

उपाय साधे आहेत. सरावाची पहिली पंधरा मिनिटे केवळ किचनमध्ये अलगद खेळवावे. तेथे ताकदीचे अंतर बरेचसे मिटते. मधला चेंडू कोणाचा हे डावाआधी ठरवावे आणि प्रत्येक वेळी ‘माझा’, ‘तुझा’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी. डाव संपल्यावर जोडीने एकमेकांना एवढेच विचारावे : तो फटका का निवडला?

ग्रामपंचायतीने जागा आणि जाळे द्यावे, शाळेने वेळ द्यावा. सकाळच्या उन्हाआधीच्या तासाभरात गावातील लहान, थोर, मुली आणि मुलगे एकाच मैदानावर उभे राहू शकतील. त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू यावा, एवढी निवड बलवानाने केली, तर हा खेळ गावात टिकेल.