तपश्चर्या आणि रक्तदाबाची गोळी



वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे; आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. परंतु पर्युषण जवळ आले की आपल्या घराघरांतून "अठ्ठाई आहे, आठ दिवस गोळी बंद" हे उद्गार ऐकू येतात, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

गोळीने रक्तदाब आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. ती थांबविली की तो पुन्हा वाढतो, आणि बहुधा कसलीही जाणीव न देता. पक्षाघाताचे भय असते ते यामुळेच. बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी एकाएकी सोडणे तर हृदयालाच धोक्याचे.

परंतु सर्व गोळ्या पूर्ववत चालू ठेवणे हाही उपाय नव्हे. क्लोरथॅलिडोनसारखी गोळी लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर टाकते. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे अकोला-अमरावतीच्या ऐन उन्हाळ्यात! उपवासाच्या दिवशी उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. अशा स्थितीत रक्तदाब फार उतरून तपस्वी चक्कर येऊन पडू शकतो. मात्रा कमी करावी की गोळी बदलावी, हे तप आरंभण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अ‍ॅम्लोडिपिनला अन्नाची अट नाही आणि तिचा अंमल दिवसाहून अधिक टिकतो. त्यामुळे रात्रीची ही गोळी चौविहारापूर्वी घेता येईल का, हे अवश्य विचारावे.

उपवासात औषध चालते काय? पच्चक्खाणात समाधीसाठीचा आगार शास्त्रकारांनीच ठेवला आहे. त्याची मर्यादा कोठवर, हे गुरुमहाराजांना आधी विचारावे. स्वतःच निर्णय करू नये.

"विलायती औषध जन्मभर कशाला?" असेही काहीजण म्हणतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसरपिन वेगळे काढले गेले आणि ते जगभर वापरले गेले. (कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते घेतले असेल, कोण जाणे!) पुढे मन खिन्न होण्याच्या तक्रारी आल्या, अधिक सोयीची औषधे निघाली, आणि ते मागे पडले. देशी-विलायतीचा वाद येथे गैरलागू आहे.

ट्रस्टला एक विनंती आहे. तपस्व्यांची नावे नोंदविताना वहीत आणखी दोन रकाने ठेवावेत : चालू गोळ्या कोणत्या, आणि डॉक्टरांना दाखविल्याची तारीख. नोंदणी पर्युषणाच्या महिनाभर आधी सुरू केल्यास गोळी बदलून तिचा परिणाम पाहण्यासही अवधी मिळेल.

जय जिनेंद्र!