धनेशाचा संसार



अंटार्क्टिका खंडांतील सम्राट पेंग्विनाची कथा आपण ऐकली असेल. मादी एकच अंडें घालते, तें नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठीं समुद्राकडे जाते. नर तें अंडें आपल्या पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखालीं झांकून, ऐन हिवाळ्यांत सुमारें ६५ दिवस उपाशी उभा राहतो. एकानें जागा सोडावयाची नाहीं आणि दुसऱ्यानें परत यावयाचें, हा त्या संसाराचा करार होय.

असाच करार पाळणारा एक पक्षी आपल्या देशावरहि आहे. फलटणकडील वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगणाऱ्या ह्या पक्ष्याला राखी धनेश म्हणतात. अंगानें राखाडी, शेपूट लांब आणि चोचीवर लहानसें शिंग, अशी त्याची ओळख सांगतां येईल.

उन्हाळ्याच्या आरंभीं मादी जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते. आपली विष्ठा आणि नरानें आणलेल्या चिखलाच्या गोळ्या यांनीं ती ढोलीचें तोंड आंतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट मात्र ठेवते. शत्रूंपासून अंड्यांचें रक्षण व्हावें, हा त्यांतील हेतु मानला जातो. आंत अंडीं उबवीत असतांना तिच्या पंखांचीं मोठीं पिसें गळतात. आतां तिला उडतां येत नाहीं. नर दिवसभर फळें, किडे, क्वचित् सरडा घेऊन येतो आणि फटींतून तिला भरवितो. पिलें निघालीं म्हणजे त्याचे कष्ट वाढतात. पुढें पिलें मोठीं होतात, मातेला नवीं पिसें फुटतात, आणि मग ती भिंत फुटते. त्यापूर्वीं नराचा घात झाला, तर आंतील जिवांवर उपासमार ओढवते.

परंतु नर जिवंत असून झाडच पडलें तर? धनेशाला सुतारपक्ष्याप्रमाणें खोड कोरतां येत नाहीं. तयार ढोलीच त्याचें घर. फलटणवरून जाणाऱ्या श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं बसविण्यांत आली. वारकऱ्यांची सोय व्हावी, याविषयीं दुमत नाहीं. परंतु कोणत्याहि रस्त्यासाठीं कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं ढोली पाहावी, आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तरी तिला हात लावूं नये. तोडलेल्या वृक्षाबद्दल रोप लावतां येतें. पण त्या रोपाला ढोली पडावयास कित्येक पिढ्या जाव्या लागतात.

धनेश फळें खातो आणि त्यांचें बीं दूरवर टाकतो. रानांतील कित्येक उंबर-पिंपळ अशा पक्ष्यांनींच पेरलेले आहेत. आपल्या सावलीची तजवीज करणाऱ्याला एक जुनें खोड राखून ठेवणें, एवढें ऋण आपणांस फेडतां येईल.