आपला दवाखाना का नाही?

(सेमाडोह येथील कार्यकर्ते व हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



परतवाड्याहून घाट चढताना गाडीत एका भावांनी विचारले, "इथे आपण आपलाच दवाखाना का काढत नाही? सरकार तर काही करत नाही." प्रश्न कळकळीचा होता. त्याचेच उत्तर देतो.

सरकारने वचने पुष्कळ दिली आहेत. १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू देशापुढे आले आणि १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना निघाली. पावसाळ्यात गावे तुटतात म्हणून धान्य व औषधे आधीच पोहोचवायची, फिरती पथके पाठवायची, हे त्यात आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, गाडीने ने-आणसुद्धा. २०१५ पासून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण. शाळेचा हक्क तर २००९ च्या कायद्यानेच दिला आहे. तरीही मेळघाटाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाला सरकारकडे जाब मागावा लागतो. वचन आणि झोपडी यांच्यामध्ये काय अडते, ते मी एका आईकडून शिकलो.

तिचे मूल अगदी सुकलेले होते. आम्ही त्याला एका सरकारी दवाखान्यात भरती केले. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी! कोणाला न सांगता ती बाळ घेऊन गावी गेली होती. मला राग आला, खोटे कशाला बोलू. आमची कोरकू बोलणारी ताई तिच्या घरी गेली, तेव्हा उलगडा झाला. घरी दोन लहान मुले, नवरा कामाला बाहेरगावी, आणि तिची रोजची मजुरी बुडत होती. मुलाजवळ राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असेलही, पण मराठीत. ताईने शेजारणीला मुले सांभाळायला तयार केले, आईला परत आणले, अर्ज भरून दिला. पैसे उशिरा आले, पण आले. ते मूल आज अंगणवाडीत जाते.

भुमकाकडे लोक का जातात, असे आपण विचारतो. तो रात्री गावात असतो आणि त्यांच्या भाषेत बोलतो. पोटावर डागण्या देणे वाईटच, ते थांबलेच पाहिजे. पण त्याला हसून आई दवाखान्यात येणार नाही.

शाळेतही तेच. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. शक्य तितके मातृभाषेत शिकवावे, असे तो २००९ चा कायदाच म्हणतो. पहिलीतले पोर गप्प बसते, ते मंद म्हणून नव्हे. त्यातच दिवाळीनंतर आईबाप मजुरीला निघतात, मूल त्यांच्यासोबत जाते आणि होळीला परतते. तोवर पुस्तक अर्धे झालेले असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आपला दवाखाना नको. सेमाडोहला सरकारी आरोग्य केंद्र आहे. आपल्या चार खाटा उघडल्या, तर तिथल्या कमतरतेबद्दल कोणी विचारायचेच नाही आणि आपली देणगी आटली की आईला दोन्ही दारे बंद. आपण द्यायचे ते सोबतीला माणूस. पावसाळ्यापूर्वी आणखी दोन कोरकू भाषक ताया नेमायच्या आहेत. एका ताईचे मानधन एखाद्या मंडळीने वर्षभर उचलावे, एवढी विनंती घेऊन मी उभा आहे. पाळकांनी जेवणानंतर मला भेटावे.