टोरांटोच्या हिवाळ्यातली जास्वंद

कोकणात जास्वंदीचे लाड कोणी करत नाही. पावसाळ्यात कुंपणाला फांदी खोचली की ती आपली वाढते आणि फुलते. हीच जास्वंद टोरांटोतल्या मराठी घरात मात्र दिवाणखान्यातली सगळ्यात चांगली खिडकी अडवून बसते. भाद्रपदात गणपतीला घरचं लाल फूल वाहायचं, तर तिला वर्षातले जवळजवळ आठ महिने घरात सांभाळावं लागतं.

रात्रीचं तापमान १० अंशांखाली उतरलं की तिची वाढ थांबते, आणि गोठवणारी थंडी तिला मुळीच सोसत नाही. म्हणून सप्टेंबरअखेर कुंडी आत येते. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागतात. घरची माणसं घाबरतात आणि पाणी वाढवतात. झाड दगावतं ते बहुधा या जास्तीच्या पाण्यानं! डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यात काचेतून येणारा मंद उजेड. एवढ्यावर सगळी पानं पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ते ती टाकून देतं. पानं कमी झाली की पाण्याची गरजही घटते. कुंडीत बोट खुपसावं. पेरभर माती सुकलेली लागली तरच पाणी घालावं. झाड जगलंय की नाही अशी शंका आली, तर फांदीची साल नखानं हलकेच खरवडावी. आत हिरवं दिसलं की निर्धास्त राहावं.

खिडकी दक्षिणेची हवी. कुंडी दोन हात आत सरकवली तरी उजेड फार कमी होतो.

हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी फार माजतो. तो पानाच्या पाठीला असतो, म्हणून पान उलटून पाहावं. बारीक जाळी दिसली, तर झाड न्हाणीघरात नेऊन पानं खालच्या बाजूनं कोमट पाण्यानं धुवावीत, आणि काही दिवसांनी पुन्हा धुवावीत.

जास्वंद फुलते ती नव्या फुटव्यावर. म्हणून मार्चमध्ये फांद्या तिसऱ्या हिश्श्यानं छाटाव्यात आणि फुटवा दिसल्यावर खत सुरू करावं; त्यात पालाश जास्त, स्फुरद कमी असावं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये, कळ्या गळतात. मेअखेर झाड बाहेर न्यावं, पण आधी आठवडाभर सावलीत ठेवावं. एकदम उन्हात नेलं तर पानं करपतात.

आणि श्रोतेहो, फेब्रुवारीत नुसत्या काड्या उरल्या म्हणून जास्वंद टाकून देऊ नका. एप्रिलपर्यंत तिला वेळ द्या.