परत लग्न करायचं म्हणलं तर

बायांनो, आमच्या गटातल्या एका ताईला चाळिशीत परत लग्न करावं वाटलं. माणूस सरळ, त्याचीबी बायको वारलेली. तरी ताई वर्षभर गप्प. सासरचे म्हणायचे, "गेलीस तर जमीन सोडून जा." ही भीती जुनीच. १८५६ च्या कायद्यानं विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क काढून घेतला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ते बदललं. वारसानं आलेला हिस्सा लग्नानंतरही तिचाच. मात्र आधी तलाठ्याकडं वारस नोंद करा, सातबाऱ्यावर नाव बघा. प्रेम काय, चार महिने थांबतं! ताईनंही तसंच केलं. मग त्याला घरी बोलावून लेकीशी बोलायला लावलं. लेक घटकाभर बसली, काही बोलली नाही. उठून चहा ठेवला, तीन कप.