आईची पाटी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकी बोलणे मला जमावयाचे नाही, घरचेच सांगते.

माझी आई उन्हाळ्यात डोंगरावरची करवंदे पाटीत घेऊन भिवपुरी रोड स्टेशनावर विकावयास बसे. द्रोण भरला तरी वर चार करवंदे जास्त टाकी. मी रागावले की म्हणे, "घेणाऱ्याला कमी वाटू नये गं."

लग्नानंतर मुंबईस एका कार्यात कोणी विचारले, "माहेरी काय करतात?" मी म्हटले, "शेती आहे." पाटीचे नाव काढले नाही. त्या रात्री झोप लागली नाही. शाळेत ऐकलेली हुतात्मा भाई कोतवालांची हकीकत आठवत राहिली.

१९१२ साली माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबात ते जन्मले. वकील झाले, तरी मुंबईत न राहता परतले. आपल्या भागात शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली. बेचाळीसच्या लढ्यात उतरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आले. गरिबी घरी पाहिलेली, म्हणूनच दुसऱ्याच्या घरची त्यांना दिसली, असे मला वाटते.

मला लाज वाटली, ती पाटीची नव्हे, लपविल्याची. मंडळात तिळगूळ वाटताना माझ्या हातून चार दाणे जास्तच पडतात. ते वळण आईचे. म्हणून आज सर्वांसमक्ष सांगते: माझी आई स्टेशनावर करवंदे विकीत असे.