परक्याची जमीन
म्हैसूरमधल्या जयलक्ष्मीपुरमहून हुणसूर रस्त्याने पश्चिमेला गेलं, की पिरियापट्टणपुढे बैलकुप्पे लागतं. १९६० च्या सुमारास तत्कालीन म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना इथे सुमारे ३ हजार एकर जंगलजमीन दिली. भाडेपट्ट्याने, मालकीने नव्हे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत आलेल्या जर्मनांचीही जमिनीबाबत अशीच अडचण. परक्याचा जमिनीवरचा वारसाहक्क कच्चा! १७४० च्या ब्रिटिश कायद्याने सात वर्षांचं वास्तव्य आणि शपथ यांवर वाट काढून दिली. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेले जन्मानेच नागरिक. पण तिबेट्यांसाठी ते २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवाय २०१७ च्या सरकारी अटींनुसार पासपोर्ट हवा, तर वसाहत सोडायची होती. नागरिकत्वासाठी आजोबांनी कसलेल्या शेतावर पाणी सोडायचं, हा हिशेब मला तरी उफराटा वाटतो.